भाताच्या खाचरांतून एक निवांत दिवस: कोकणात कधी यावं, कुठून चालावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बालीला तेगलालांगची भातखाचरं पाहिलीत, तिथल्या गावांतून दिवसभर रमतगमत हिंडलात, आणि आता तुम्हा दोघांना पुण्याहून आईंना घेऊन तसाच एक दिवस कोकणात घालवायचाय. डोंगरातली गावं हवीत, भाताच्या पायऱ्या हव्यात, धावपळ नको. कुठे जावं, कधी जावं, किती चालावं? देवरुखच्या बाजूला लोकांना पायी फिरवणं हे माझं काम, आणि घरचं भातही आहे. तेव्हा दोन्ही अंगांनी सांगतो.

आधी अपेक्षा जरा ठीकठाक करून घेऊ. बालीत भाताला पाटाचं पाणी आहे. देवळांच्या साक्षीने ते वाटून घ्यायची 'सुबाक' नावाची जुनी व्यवस्था आहे, २०१२ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीतही गेली. त्या पाण्यावर वर्षाला दोन-तीन पिकं निघतात, म्हणून तिथे केव्हाही जा, कुठलं तरी खाचर हिरवं सापडतंच. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो सगळा जूनपासूनच्या चार महिन्यांत. भात त्याच पाण्यावर येतं आणि दिवाळीपर्यंत कापून घरात जातं. म्हणजे कोकणात जागेपेक्षा तारीख जास्त महत्त्वाची. चुकीच्या महिन्यात योग्य गावात आलात तर वाळलेली धसकटं बघून परत जाल.

दुसरं असं, की आपल्या पायऱ्या डोंगराच्या उभ्या अंगावरून आभाळापर्यंत चढत नाहीत. दोन डोंगरांच्या बेचक्यातून पऱ्या, म्हणजे ओढा, उतरतो आणि त्याच्या दोन्ही काठांना कुणगे, म्हणजे लहान खाचरं, रचलेले असतात. वरचे एवढे अरुंद की जोत वळवायलाही जागा पुरत नाही, खालचे मळे ऐसपैस. बाजूच्या उतारांवर पूर्वी वरकस, म्हणजे हलक्या, जमिनीत नाचणी, वरी पिकायची. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि त्यातले बरेच उतार काजू-आंब्याखाली गेले. त्यामुळे एका चौकटीत पन्नास पायऱ्या मावल्यात, असा फोटो कोकणात क्वचितच मिळतो. इथली खाचरं वळणावळणाने दिसतात, चार इथे, सहा त्या आंब्याच्या पलीकडे. गाडीच्या काचेतून त्यांचा पत्ताही लागत नाही.

म्हणून माझा सल्ला एकच: एक पऱ्या निवडा, त्याच्या काठाने खालून वर चला, आणि दिवसभर त्याच गावात रहा. सकाळी मार्लेश्वर, दुपारी गणपतीपुळे, संध्याकाळी जयगड असा बेत असेल तर तो तुमचा तुम्ही करा, त्यात मी काही मदत करू शकत नाही. सहा-सात किलोमीटर चाल एका दिवसाला भरपूर झाली. आठ-नऊ तासांत सहा किलोमीटर म्हटलं की ट्रेकवाली मंडळी हसतात. हसू द्या.

आता कधी. माझी पसंती सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते दसऱ्याच्या आसपास. तोवर बहुतेक वर्षी गणपती आटोपून चाकरमानी मुंबईला परतलेले असतात. बेणणी, म्हणजे तण काढणं, उरकलेली असते आणि कापणी सुरू व्हायची असते. शेतकरी बांधावर उभा राहून तुमच्याशी सावकाश दोन शब्द बोलेल असे दिवस वर्षात हेच. पाऊस सरींवर आलेला असतो, पऱ्यांना भरपूर पाणी असतं, गडग्यांवर, म्हणजे दगडी कुंपणांवर, तेरडा फुललेला असतो.

शिवाय तेव्हाचे रंग. डोंगराकडच्या उथळ कुणग्यांत पाणी टिकत नाही, म्हणून तिथे हळवं भात लावतात. ते लवकर तयार होतं. मधल्या टप्प्यात निमगरवं, आणि तळाच्या पाणथळ मळ्यात गरवं, जे सगळ्यात उशिरा कापणीला येतं. सप्टेंबरअखेरीला पऱ्याच्या काठाने वर बघितलंत तर तळ गर्द हिरवा, मधला पट्टा पोपटी, आणि वरचे कुणगे पिवळे व्हायला लागलेले. ही रंगसंगती कुणी हौसेने केलेली नाही, पाऊस गेल्यावर कुठल्या खाचरात किती दिवस ओल राहील याचा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. एकदा हे कळलं, की कुठल्याही गावात उभं राहून पाणी कुठे मुरतं नि कुठे साचतं ते नुसत्या रंगावरून सांगता येतं.

लावणी बघायची तर जूनअखेर ते जुलैचा मध्य. बघण्यासारखी आहेच, पण आई बरोबर असताना नको. चिखळणी चाललेली असते, पॉवर टिलरचा आवाज घुमत असतो, पाऊस कधी कधी समोरचा माणूस दिसू देत नाही. रोप तीन आठवड्यांचं झालं की पावसाची साथ धरून ते लावून संपवायचं असतं, त्यामुळे घरात पाहुण्याकडे बघायला कुणी नसतं. हल्ली 'लावणीचा अनुभव' घ्यायला लोक येतात. हरकत नाही, पण आधी विचारून उतरा. तुमचं रोप वाकडं किंवा वरवर लागलं तर मागून एखादी काकी मुकाट्याने ते काढून पुन्हा लावते आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही.

तिसरा पर्याय जानेवारीचा. ज्या गावात पऱ्याला बारमाही पाणी आहे तिथे नोव्हेंबर-डिसेंबरात वाळू-मातीच्या पिशव्यांचे बंधारे घालून पाटाने पाणी फिरवतात आणि थोडं वायंगण, म्हणजे उन्हाळी, भात होतं. सगळा डोंगर पिवळा पडलेला, आणि मध्येच एक हिरवा तुकडा. चालायला हवा उत्तम. मात्र अशी गावं शोधावी लागतात, फोन करून विचारल्याशिवाय निघू नका. एप्रिल-मे आंबे-फणसांसाठी ठेवा.

कुठे, याचं उत्तर सोपं आहे. समुद्राकडे पाठ करा आणि सह्याद्रीच्या पायथ्याकडे चालू लागा. संगमेश्वर तालुक्यात देवरुखहून मारळकडे जाणारं बाव नदीचं खोरं, महिमतगडाच्या पायथ्याची कुंडी-निगुडवाडीची बाजू, संगमेश्वरहून नायरीमार्गे प्रचितगडाखालचं शृंगारपूर. राजापूर तालुक्यात पाचलच्या पुढे काजिर्डा. सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यातलं माणगावचं खोरं, दुकानवाड-शिवापूरपर्यंत, डोक्यावर मनोहर-मनसंतोषगड. ही सगळी एकाच जातीची गावं: एसटीचा रस्ता तिथे संपतो, वाड्या पऱ्याच्या दोन्ही अंगांना विखुरलेल्या असतात, आणि मागे कड्याची भिंत उभी असते. मार्लेश्वरचं देऊळ गुहेत आहे, शेजारी मोठा धबधबा आहे, जागा सुंदरच. पण श्रावणी सोमवारी आणि सुट्टीच्या दिवशी तिथे माणसांचाच धबधबा असतो, तेव्हा या दिवसात ते बसवू नका.

गाव ठरवण्याआधी कुणाला तरी फोन करून एक प्रश्न जरूर विचारा: औंदा भात किती लावलंय? कारण निम्मी खाचरं पड असलेली गावं आता पुष्कळ आहेत. तरुण माणसं मुंबईत, मजुरी परवडत नाही, त्यात रानडुकरं आणि माकडं. चांदोलीचं जंगल वरच आहे, ते २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, आणि पायथ्याच्या गावांत गवेही उतरतात. रात्रभर जागून राखलेलं शेत एका रात्रीत लोळवलं गेलं, की पुढल्या वर्षी माणूस नांगर धरत नाही. चालताना गवताने भरलेले कुणगे दिसतील, ढासळलेले बांध दिसतील. तेही बघा, नजर चुकवू नका. बांध ओळखता येत असेल तर तिथे शेवटचं भात कधी झालं होतं ते वाडीतला कुठलाही म्हातारा सांगेल.

पुण्याहून यायचं तर आंबा घाट उतरून साखरप्यावरून देवरुख. मुंबईहून कोकण रेल्वेने संगमेश्वर रोड आणि तिथून एसटी किंवा रिक्षा. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात आणि वेळा बदलतात, तिकीट काढताना त्या वेळा पाहून घ्या. आदल्या रात्री देवरुखला मुक्काम करा, स्वतःची गाडी असेल तर ती तिथेच ठेवा आणि सकाळच्या पहिल्या एसटीने गावात जा. एक तर गाडी गावात नेली की फिरून तिच्यापाशीच यावं लागतं. शिवाय त्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली तर रिव्हर्स तुम्हालाच घ्यावा लागणार.

एसटीच्या दोन गोष्टी बाहेरच्या माणसाला माहीत नसतात. एक, डोंगराकडच्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या वेळेवर बांधलेल्या असतात. शाळेला सुट्टी असली की ती फेरी बंद असू शकते, रविवारी तर हमखास विचारून घ्या. दुसरी जास्त महत्त्वाची. संध्याकाळी गावात येणारी शेवटची गाडी बहुधा वस्तीची असते. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गावातच झोपतात आणि गाडी सकाळी परत निघते. फलकावर 'सायंकाळी ७' वाचून लोक निवांत बसून राहतात, गाडी येते, ड्रायव्हर उतरून हातपाय धुवायला जातो, आणि मग यांना उलगडा होतो. आगारात विचारताना 'शेवटची गाडी कधी' असं विचारू नका, 'तिकडून परत निघणारी शेवटची गाडी कधी' असं विचारा.

आता प्रत्यक्ष दिवस. शेवटच्या थांब्याला न उतरता एक-दोन थांबे आधी, जिथे रस्ता पऱ्यावरून जातो तिथे उतरा. म्हणजे खालच्या मळ्यांपासून सुरुवात होते आणि चढ हळूहळू अंगावर येतो. आठच्या सुमाराला खाचरांवर दव असतं, गडग्याच्या सावलीत गारवा असतो. पहिला तासभर नुसतं चाला.

नऊ-साडेनऊला ऊन भातावर पडलं की थांबा. निसवत असलेलं एखादं खाचर शोधा, म्हणजे पोटरीतून नुकत्या लोंब्या बाहेर आलेल्या. बांधावर उकिडवे बसा आणि एकच लोंबी बघा. हिरव्या दाण्याची दोन टरफलं हळूच फाकतात आणि आतून पांढुरके-पिवळसर पुंकेसर बाहेर लोंबायला लागतात, दोऱ्याच्या टोकाला लावलेल्या कण्यांइतके बारीक. एकेक फूल तासभर उघडं राहतं. मग टरफलं मिटतात ती कायमची, आणि आत तांदूळ धरायला लागतो. पुंकेसर मात्र बाहेरच वाळून चिकटून राहतात. लोंबी टोकाकडून फुलत खाली येते, पुरी फुलायला आठवडाभर लागतो, आणि रोजचा फुलोरा दुपारपर्यंत आटोपतो. नेमक्या त्या वेळेत पावसाची जोरदार सर आली तर तेवढे दाणे पोचट राहू शकतात. म्हणून या दिवसांत सकाळी आभाळ भरून आलं की शेतकऱ्याचा चेहरा उतरतो, आणि तीच सर संध्याकाळी आली तर त्याचं काही म्हणणं नसतं. शेजारच्या खाचरात लोंबी आठ-दहा दिवस पुढे असेल तर एक दाणा नखाने दाबून बघा, पांढरं दूध येईल. एकच दाणा. आई शहरात वाढल्या असतील तर त्यांना हे जरूर दाखवा. आयुष्यभर भात रांधूनही भाताचं फूल न पाहिलेली माणसं मला नेहमी भेटतात.

बांधावरून चालायची रीत आहे. एकामागे एक चाला. बांधाच्या मधोमध पाय टाका, खाचराकडच्या कडेला नको, कारण तिकडची माती पाण्याने भिजून मऊ झालेली असते. कड ढासळली की वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरतं आणि दोन्हीकडचा हिशेब बिघडतो. एका खाचरातून दुसऱ्यात पाणी सोडायला बांधाला तोंड ठेवलेलं असतं, त्यावर दगड किंवा पानांचा बोळा असतो. तो गंमत म्हणूनही हलवू नका. त्या दगडाच्या उंचीवर वरच्या खाचरातलं पाणी ठरतं, आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत वर्षानुवर्षं चाललेली भांडणंही त्याच दगडावरून असतात. खेकड्यांची बिळं दिसतील, तोंडाशी ओल्या मातीचा ढीग असतो. मुलं त्यांच्यावर टपून असतात, शेतकरी मात्र त्यांना शिव्या घालतो, कारण त्या बिळातून रात्रीत खाचर रिकामं होतं.

वाटेत बेडं लागेल, दोन खांबांच्या मध्ये आडव्या सरकवलेल्या बांबूंचं. ते जसं होतं तसंच परत लावा. या दिवसांत भात उभं असतं, एक बैल आत शिरला तर वर्षाचं नुकसान. कापणी झाल्यावर गुरं मोकळी सुटतात, मग बेडी उघडीच असतात, तेव्हा कुणी काही म्हणत नाही.

माणसं भेटली की पहिला प्रश्न येतो: "कुनाकडं आलाव?" यात संशय नाही, चौकशी आहे. कुणाकडेही न येता नुसतं हिंडायला आलेला माणूस या भागात तसा नवलाचाच. 'असंच फिरायला' म्हणालात तर बोलणं तिथेच थांबतं. त्यापेक्षा ज्यांच्याकडे दुपारचं जेवण ठरवलंय त्यांचं नाव सांगा, चेहरा लगेच सैल होतो आणि वाटही कळते. काका, काकी, आजी म्हणा. नावाने किंवा 'एक्स्क्यूज मी' म्हणून हाक मारू नका. फोटो काढायचा तर आधी बोलणं होऊ द्या. बेणणी करून चिखलात बसलेल्या बाईचा लांबून फोटो काढणारे बरेच असतात, आणि ते तिला कळतं.

दुपारचं जेवण आदल्या दिवशीच सांगून ठेवा. गावात हॉटेल नसतं, आणि ऐन वेळी पाच माणसांचं रांधायला कुणाला सांगणं बरं नव्हे. आजकाल पायथ्याच्या बऱ्याच गावांत एखादं घर घरगुती जेवण देतं. काय हवं म्हणून विचारलं तर पनीर मागू नका. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, रानभाजी किंवा अळू, भात आणि सोलकढी मागा. या दिवसांत मांडवावर तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, लागलेली असतात, त्यांचं घारगं (गोड वडा) नाहीतर धोंडस (केकसारखा गोड पदार्थ) कुणी केलं तर दुसऱ्यांदा वाढून घ्या. पैसे आधीच ठरवा आणि सुट्ट्या नोटांत द्या. मोबाइलला रेंज असेल याची खात्री नाही, तेव्हा फोनवरून पैसे पाठवण्याच्या भरवशावर राहू नका. चहाचे पैसे मात्र देऊ नका, राग येतो. एखाद्या घरी चहा झाला तर परत निघताना त्यांच्याकडून तवसं, आमसुलं किंवा कुळीथ विकत घ्या. तो व्यवहार दोन्हीकडून बरा वाटतो.

जेवल्यावर पडवीत आडवे व्हा. हे मी गमतीने सांगत नाही. बारा ते तीन बाहेर दमट उकाडा असतो, अंगाला घामाच्या धारा लागतात, आणि गावही त्या वेळी पडवीतच असतं. चटई मागितलीत तर मिळते.

तीननंतर वरच्या वाडीकडे निघा. आता वाट पाखाडीची, जांभ्याच्या पायऱ्यांची. सावलीतल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. पाऊल सपाट टाकायचं, टाचेवर जोर द्यायचा नाही. बूट रबरी, खोल नक्षीच्या तळव्याचे. महागडे चामडी ट्रेकिंगचे बूट एकदा भिजले की दिवसभर वाळत नाहीत. पाऊस आला तर रेनकोटपेक्षा छत्री बरी, कारण रेनकोटात आतून तेवढंच भिजायला होतं. गावातली जुनी माणसं छत्री मागे कॉलरला अडकवून दोन्ही हात मोकळे ठेवून चालतात, करून बघा. आईंना हातात काठी द्या, वाडीत बांबूची मिळेल.

वरच्या वाडीच्या टोकाला बहुतेक ठिकाणी ग्रामदेवतेचं देऊळ आणि भोवती राई असते. तिथली पानं-फुलं-लाकूड काहीही घ्यायचं नसतं. सभामंडपात बसायला हरकत नाही, चपला बाहेर ठेवा, गाभाऱ्यात जायचं तर गुरवाला विचारा. समोरच्या सहाणेवर, म्हणजे चौथऱ्यावर, शिमग्याला पालखी बसते, ती बसायची जागा नव्हे. नशीब असेल तर राईतल्या उंच झाडांवर धनेश दिसतो. दिसायच्या आधी पंखांचा आवाज ऐकू येतो. इथूनच सकाळपासून चाललेला सगळा पऱ्या खाली एका नजरेत दिसतो, कुणगे, मळे, छपरं. फोटो काढायचा तो इथून, चार-साडेचारच्या उन्हात.

आता धोके. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत रद्द करा, पैसे गेले तरी चालतील. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं आणि महाड तालुक्यात तळीये गावावर दरड कोसळली. पायथ्याची गावं सुंदर आहेत ती त्या डोंगरामुळेच, पण तोच डोंगर खालीही येतो. पऱ्या ओलांडताना साकवावरूनच, म्हणजे लहान पुलावरूनच, जा. पाणी एकदम लालसर झालं, काटक्या-पानं वाहून यायला लागली, की वर पाऊस झालाय हे ओळखा. मग पाणी गुडघ्याखाली असलं तरी त्यात पाय घालायचा नाही. परतीच्या पावसात दुपारनंतर विजा होतात. ढग गडगडू लागले तर उघड्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या माळावर, थांबू नका, एकट्या झाडाखालीही नको, घर गाठा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेची सूचना देतं, ते रेंज असेतोवर बघून ठेवा.

गडग्याच्या फटीत हात घालू नका, बसताना दगड नीट बघा. फुरसं हा विषारी साप या जांभ्याच्या मुलखातलाच आहे, वीतभर-हातभर असतो आणि मातीच्या रंगात दिसत नाही. चावलाच तर बांधाबांध, कापाकापी, मांत्रिक यातलं काही नाही. हातपाय हलवू न देता सरळ सरकारी आरोग्य केंद्रात न्या, १०८ ला फोन करा. पायाला जखम किंवा भेग असेल तर खाचराच्या पाण्यात उतरू नका. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो आणि जखमेतून शरीरात शिरतो. घरी गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना भातखाचरांतून फिरून आल्याचं आपणहून सांगा, पुण्यात ते सहसा विचारणार नाहीत. आणि जानेवारी ते मे या काळात सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे जाणार असाल तर तिकडे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेत. तो गोचिडीतून पसरतो, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, रानातल्या पाचोळ्यावर बसू नका, आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

आईंचं वय तुम्ही पासष्ट लिहिलंय. गुडघे ठीक असतील तर खालचे मळे आणि मधली वाडी त्यांना सहज जमेल. वरच्या पाखाडीचा आग्रह करू नका. जेवलेल्या घरीच त्यांना काकींशी बोलत बसू द्या, तुम्ही दोघं वर जाऊन या. उतरल्यावर तुमच्यापेक्षा जास्त गोष्टी त्यांनाच कळलेल्या असतील.

परतताना उतार उरकायच्या घाईत बांध सोडून खाचरातून आडवे जाऊ नका, आलात त्याच वाटेने उतरा. सप्टेंबरअखेर साडेसहाला काळोख पडायला लागतो आणि झाडांखाली तो आणखी आधी पडतो, म्हणून पाचच्या आत थांब्यावर या. वेळ उरला आणि संगमेश्वरमार्गे जाणार असाल तर कसब्याचं कर्णेश्वराचं देऊळ पाहून घ्या. दगडातलं कोरीव काम आहे, अर्धा तास पुरेल. सकाळी एसटीतून उतरल्या उतरल्या फाट्यावरच्या दुकानात एखाद्या रिक्षावाल्याचा नंबर मागून कागदावर लिहून घ्या, आणि फोन कुठल्या ठिकाणी उभं राहिलं की लागतो तेही विचारा. प्रत्येक गावात तशी एक जागा असते, शाळेचा कोपरा नाहीतर देवळामागचा चढ. गाडी चुकलीच तर तिथून फोन करायचा, आणि रिक्षा यायला तास लागेल असं धरून चालायचं.